तीनदा सिंक

जिनिंगमधल्या निकेशचा फोन आला तवा मी नागपूरले आपल्या ऑफिसच्या लिफ्टमधी होती, दसऱ्याचा दुसरा दिवस, पर्समधी सोन्याची दोन पानं, कोणाले तरी द्याची राहून गेलेली, अन् निकेश हॅलो नाई, काई नाई, डायरेक्ट म्हणते, "ताई, प्रभाकररावची ओळ गेली." बस्स. मशीन बंद पडली असं नाई म्हटलं त्यानं. फाटकावर कापसाच्या गाड्या उभ्या हायेत, शेठ डोकं धरून बसला हाय, हे सारं त्यानं मंग सांगतलं. आधी ओळ. अन् ऐका ना, मले पाचव्या माळ्यावर उतराचं होतं, लिफ्ट पाचव्या माळ्यावर उघडली, बंद झाली, परत खाल्ती गेली, वर्ती आली, लोकं चढले, उतरले, एक जण म्हणे, "मॅडम, कौनसा फ्लोर?" अन् मले कोणता माळा तेच आठवेना. मले फक्त असं वाटून राह्यलं होतं का कोणीतरी माह्या घरातून काहीतरी उचलून नेलं अन् मी ते अजून पाह्यलंही नव्हतं.

थांबा, ओळ म्हणजे काय ते सांगते. अंकिता, प्रफुल, मधात बोलू नका. माहा बाबा, म्हणजे हेच प्रभाकरराव, आमच्या पवनारहून रोज सिंदी रेल्वेले जाये, तिथल्या एका जिनिंग-प्रेसिंगमधी. कापूस येते, सरकी निघते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, अन् प्रत्येक गाठीचं वजन, नंबर, लॉट एका मशीनमधी चढते. ती मशीन वयानं माह्याहून मोठी हाय. युनिक्सची. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊस नाई, चित्र नाई, एक टर्मिनल ऑफिसात अन् एक काट्यावर, जिथं गाडी तोलतात तिथं. शेठनं दोनदा नवं सॉफ्टवेअर आणून पाह्यलं अन् दोनदा परत धाडलं, काऊन का जुनं चुकतच नाई. तं या मशीनवर आपलं नाव टाकलं का काम सुरू व्हायच्या आधी एक सूचना येते, सगळ्यायले सारखी. बाकी जागी तिथं काय राहते, तं मशीन अमुक वाजता बंद राहीन, असं काहीतरी कोरडं. ती सूचना कोणालेही लिहिता येत नाई, ज्याच्या हाती रूट, म्हणजे मशीनची मालकीची चावी, हाय त्यालेच येते, म्हणजे बाबाले. अन् बाबा तिथं रोज सकाळी एक ओळ लिहे. इंग्रजी अक्षरायत मराठी. "आज धुके आहे, गाड्या उशिरा येतील, चिडू नये." "बंडूजींना नातू झाला, पेढे काट्यावर आहेत." "पंख्याखाली झोपू नये, मान धरते." घरी निरा वऱ्हाडी बोलणारा माणूस, मशीनवर लिहाले बसला का शाळेतल्या फळ्यासारखं लिहे. मी लहान असताना सुट्यायत त्याच्यासोबत जाओ, तवा मले खुर्चीवर उभं करून विचारे, "आज काय लिहू?" अन् मी म्हणो, "लिहा, मले भूक लागली." एकदा त्यानं खरंच लिहिलं. साऱ्या जिनिंगनं दिवसभर वाचलं का आकांक्षाला भूक लागली आहे. पाच जणायनं डबे उघडले माह्यासमोर.

मंग होळीच्या आधी, काही वर्षं झाले आता, एका सकाळी बाबानं ओळ लिहिली, दुपारी डबा खाऊन राह्यला होता, अन् घास हातातच राह्यला. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. वाचला. पाय आला, हात अर्धा आला, डोकं तं पूर्ण हाय, क्रिकेट पाहते, आईनं वरणात मीठ टाकलं नाई तं ताट सरकवते. पण बोलणं गेलं. दोन शब्द राह्यले. "बरं बरं." पाणी पाह्यजे तरी बरं बरं, राग आला तरी बरं बरं. आई म्हणते, "तुमचं तं सारंच बरं हाय, वाईट माह्यंच हाय." डॉक्टर म्हणे, तोंडपाठ गोष्टी कधीमधी राहतात, आरती, उजळणी, शिव्या, त्या वेगळ्या जागी बसलेल्या राहतात. अन् खरंच, गणपतीत आमच्या बाबानं अख्खी आरती म्हटली, एक शब्द न चुकता, आई तं ताट खाल्ती ठेवून पाहतच राह्यली, अन् आरती संपली, तिनं विचारलं, "चहा घेता का?" तं म्हणे बरं बरं.

तं त्या सकाळची ओळ मशीनमधी तशीच राह्यली. रूटचा पासवर्ड बाबाजवळ अन् बाबाजवळ शब्द नाई, मंग बदलन कोण. रोज सकाळी निकेश, काट्यावरचे बंडूकाका, शेठ, सारे आपापलं नाव टाकत अन् बाबा त्यायले तीच सूचना देये. आता समजलं ना? माह्या बाबाचं शेवटचं वाक्य. जगात दुसरीकडे कुठंच नव्हतं ते. अन् मी ते वाचलं नव्हतं. मुद्दामून. मले वाटे, ते तिथं हाय, मले अजून ऐकाचं हाय, म्हणजे बाबाचं मले काहीतरी सांगाचं बाकी हाय. एकदा वाचलं का झालं, संपलं ना मंग. निकेशले मी एकदा बजावलंही होतं, सांगजो नोको मले. त्यानं बिचाऱ्यानं कधी सांगतलं नाई. अन् आता तोच फोनवर म्हणून राह्यला होता का ओळ गेली.

गाडीत बसली, नागपूरहून सिंदी काही लांब नाई, पण तेवढ्यात मी त्याच्याकडून सारं काढून घेतलं. झालं काय, तं दसरा झाला. जिनिंगमधी नवमीले साऱ्या मशीनी धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार टाकतात, अन् दसऱ्याले कोणतीच मशीन चालवत नाईत, तो त्यायचा आरामाचा दिवस. बाबा असताना या मशीनलेही आराम राहे. नवमीच्या सकाळी बाबा पूर्ण रूटची, म्हणजे मशीनच्या मूळ डिस्कीची, टेपवर कॉपी घे, संध्याकाळी सगळ्यायले बाहेर काढे, अन् मंग बसून टाईप करे, सिंक. परत सिंक. परत सिंक. मंग मशीन बंद. सिंक म्हणजे असं का, मशीन काम करते ते आधी डोक्यात ठेवते, डिस्कवर सावकाश उतरवते, तं तिले सांगाचं का डोक्यात जे हाय ते खाल्ती उतरव. एकदा सांगतलं तरी पुरते. मी लहानपणी विचारलं होतं, तीनदा काऊन? बाबा म्हणे, "पहिलं ती ऐकते, दुसरं ती मानते, तिसरं आपल्या जिवाले." घरून निघतानाही त्याचं तसंच, कुलूप तीनदा ओढून पाहे.

बाबा गेल्यावर, म्हणजे घरी बसल्यावर, मशीन बंद कशी कराची ते कोणालेच माहीत नाई, म्हणून दसऱ्यालेही चालूच ठेवत, निरा पडद्याले कुंकू लावत. अन् यावर्षी शेठची माय, कौशल्याबाई, नवमीले ऑफिसात आल्या अन् पाह्यलं तं हिरवी अक्षरं लुकलुक करून राह्यली. म्हणे, "अरे, जिनाले आराम, प्रेसले आराम, काट्याले आराम, अन् या गरिबानं काय पाप केलं? हिले कोणी माणसात धरत नाई का?" निकेशले ते पटलं. त्यानं मनापासून हात जोडले, अन् भिंतीवरचा खटका खाल्ती केला. लाईट गेली तरी बॅटरीवर फिरत राहे ती डिस्क, इतक्या वर्षांत पहिल्यांदा थांबली. हार टाकला, नारळ फोडला. अन् आज सकाळी खटका वर्ती केला तं पंखा फिरला, दिवा लागला, अन् पडद्यावर एकच वाक्य, का मले सुरू व्हाले काहीच सापडून नाई राह्यलं.

मी पोचली तवा हार तसाच होता मशीनवर, जरासा सुकलेला. बंडूकाकानं मले पाह्यलं अन् म्हणे, "आली का पोरी, तुह्या बाबाची पाटी पुसली गेली पाय." निकेश रडवेला. "ताई, मी चांगल्यासाठीच केलं वो." मी म्हटलं, "माहीत हाय बे." अन् खरंच राग नाई आला मले, काऊन का विचार करा ना, त्या मशीनवर दया करून तिले मारणारा दुसरा कोण असन जगात. झाकण काढलं. दोन डिस्का हायेत तिच्यात. एकीवर गाठीयचा सारा हिशोब, ती फिरून राह्यली होती, मस्त, सुरसुर. दुसरी रूटची. तिले कान लावला. काहीच नाई. जुन्या डिस्कीचं असं राहते, वर्षानुवर्षं फिरून राह्यली तोवर ठीक, एकदा थांबली का तिची सुई चाकाले चिकटते अन् मंग चाक हलत नाई. रूट म्हणजे गाठी नाई, वजन नाई, पैसे नाई, त्यातलं काहीच नाई. रूट म्हणजे मशीनीले मशीन व्हाले जे लागते ते. उठाचं कसं, कोणाले ओळखाचं, काय कुठं ठेवलं. ते गेलं तं बाकी सारं शाबूत हाय पण जागच येत नाई. तुम्ही म्हणान का हे तं बाबासारखंच झालं. मलेही तिथं क्षणभर वाटलं, अन् मंग रागच आला, काऊन का नाई ना, बाबाचं उलटं हाय. बाबा जागा हाय. सारं ओळखते. त्याच्यातून निरा बाहेर काई येत नाई.

"जरासं ठोकू का ताई?" निकेश म्हणे. ठोकतात खरं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकं, नाई तं डिस्क हातात धरून मनगटाले झटका देतात, कधी चाक सुटते. मी दिला झटका. एकदा. दुसऱ्यांदा हात उचलला अन् तिथंच थांबला, काऊन का मले आठवलं का आई रोज सकाळी बाबाची उजवी बोटं कशी उघडते, एकेक करून, तेल लावून, कधी जोर नाई. ती डिस्क मी माह्या रुमालात गुंडाळून बॅगमधी ठेवली. प्रफुल, माहीत हाय मले तू काय म्हणशीन, लॅबमधी डिस्क उघडून आतलं काढून देतात. माहीत हाय.

मंग मी पहिल्यांदा विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "काय होती ओळ?"

अन् तिथं जे झालं ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाई. बंडूकाका म्हणे, "सोपी होती. ऊन वाढले आहे, गाडीवाल्यांना पाणी पाजावे." निकेश म्हणे, "नाई वो काका! धूळ फार आहे, टर्मिनलवर ओले फडके मारू नये. मी तेच वाचून फडकं बदललं होतं." शेठ आतून आला, म्हणे, "काय बोलता रे? मार्च आला, राहिलेला हिशोब पूर्ण करावा. मी रोज वाचत होतो, माझ्या छातीत धस्स होई." मी म्हटलं, "अहो, तिघायनं रोज वाचलं ना?" "रोज." "एकच ओळ?" "एकच." अन् कौशल्याबाई खुर्चीवर बसून सुपारी कातरून राह्यल्या होत्या, त्यायले अक्षरओळख नाई, त्या म्हणे, "त्यात माह्यं नाव होतं."

"नव्हतं वो माय," शेठ म्हणे.

"होतं. तुम्ही नीट वाचलंच नाई."

"कोणी फोटो नाई काढला का?" मी म्हटलं. सारे माह्याकडे असे पाहाले लागले का जसं मी विचारलं, फाटकाचा फोटो काढला का. बंडूकाका म्हणे, "रोज दिसते त्याचा फोटो कोण काढते बेटा?" बरोबर हाय ना. माह्याजवळही बाबाच्या आवाजाचं काहीच नाई. एक व्हिडिओ हाय, आत्याच्या लग्नातला, त्यात बाबा बोलून राह्यला अन् वर बँड वाजून राह्यला. मी तो किती वेळा लावला असन, बँडच्या मधात जिथं जरासा खंड पडते तिथं कान लावून, अन् तिथं ऐकू काय येते, तं "खुर्च्या". एवढंच. खुर्च्या. मी तिथं त्या उघड्या मशीनसमोर बसली होती अन् मले तीन ओळी भेटल्या होत्या, एक पाण्याची, एक फडक्याची, एक हिशोबाची, अन् वर्ती कौशल्याबाईचं नाव, अन् तिन्ही बाबाच्याच वाटत होत्या, अन् म्हणूनच कोणतीच त्याची नव्हती. प्रत्येकानं आपल्याले लागली ती ठेवली. मले कोणती लागत होती हेही मले माहीत नव्हतं.

फाटकावर हॉर्न वाजाले लागले. शेठ म्हणे, "बेटी, ओळीचं मग पाहू, मशीनचं काही होते का?"

होते. काऊन का बाबानं ठेवलं होतं. कपाटात, माह्या जुन्या निळ्या ओढणीत गुंडाळलेली एक कोरी डिस्क, दोन फ्लॉप्या, अन् दोन टेपा, जाड्या, कंपासपेटीएवढ्या. प्रत्येक टेपच्या डब्यात आपट्याचं पान. बाबाचं ते होतंच, दसऱ्याचं पहिलं सोनं टेपले. एक पान निरा भुगा झालं होतं, दुसरं वाळलेलं पण अख्खं, दोन्ही पाकळ्या शाबूत. म्हणजे हे शेवटचं. बाबाच्या शेवटच्या नवमीचं. त्यावर कुंकवाचा ठिपका. मी तो डबा हातात घेतला अन् मले समजून चुकलं का यातून काय येईन अन् काय नाई येणार. मशीन येईन. पण त्या नवमीची मशीन येईन. होळीच्या आधीची ती सकाळ यात नाई. टेपले माहीतच नाई का बाबाले पुढं काय होणार हाय.

आधी जुनी टेप लावून पाह्यली, ड्राईव्ह टेप खाते का ते पाहाले. तिचा आतला पट्टा तुटला, खट्, संपली. आता एकच. अन् ती ड्राईव्हमधी टाकाच्या आधी मी निकेशनं आणलेला चहा तिच्यापासून दूर, खिडकीत नेऊन ठेवला. इकडे आपण काय करतो रे, बटण दाबलं का सर्व्हर उभा, पाडला का पडला, ती मशीन कोणत्या देशात हाय हेही माहीत नसते. इथं एक पट्टी होती, बोटाच्या पेराएवढी रुंद, अन् ती तुटली तं बाबाचं ते सारं जग, त्यानं बसवलेलं, त्यानं नावं दिलेलं, गेलं.

फ्लॉपीवरून मशीन उठवली. फ्लॉपीवरची मशीन म्हणजे कशी, झोपेतून अर्ध्या उठलेल्या माणसासारखी, तिले चार कामं येतात, तेवढीच. कोऱ्या डिस्कीवर फाईलींची जागा आखली. मंग टेप. बाबा म्हणे, बरेच दिवस पडलेली टेप लगेच वाचू नाई, आधी तिले एकदा शेवटापर्यंत नेजो अन् परत आणजो, मोकळी करजो, अन् मंगच विचारजो. तशी नेली. घुर्रर्र... जाऊन राह्यली, जाऊन राह्यली, थांबली, परत आली. बंडूकाका मधातच उठून गेले, म्हणे माह्याच्यानं पाह्यलं नाई जात. अन् मंग मी रिस्टोर सुरू केलं, अन् थोडा वेळ काहीच नाई, पडदा काळाच, कौशल्याबाईचा अडकित्ता थांबला, अन् मंग एक नाव आलं. फाईलीचं. मंग दुसरं. मंग धावाले लागले, खाल्तून वर्ती, हिरवे, एकामागं एक, टेप मधात थांबे, जराशी मागं जाये, विचार केल्यासारखं, अन् परत पुढं. मी ती नावं वाचून राह्यली होती, त्यातले बरेच बाबानं मले शिकवलेले, हा मशीनीचा दरवाजा, हा चौकीदार, हे घड्याळ, अन् मले असं वाटे का कोणी आपलं घर बांधून राह्यलं, पण खाल्तून नाई, आठवणीतून, आधी खिडकी, मंग ती भिंत जिच्यात खिडकी होती.

संपलं. मी रूटच्या पासवर्डाची जागा रिकामी केली, डिस्कीले सांगतलं का आता तुले स्वतः उठाचं हाय, फ्लॉपी काढली, अन् मशीन सुरू केली. बाहेर दिवे लागाची वेळ झाली होती. बंडूकाका परत आले, दारातच उभे. मशीन उठली, आपली दुसरी डिस्क ओळखली, गाठी ओळखल्या, अन् नाव विचारलं. मी निकेशले म्हटलं, "तू टाक." तो म्हणे, "नाई ताई, तुम्ही." मी टाकलं. अन् पडद्यावर आलं,

"उद्या मशीनला आराम. कोणाला काही विचारायचे असल्यास आजच विचारावे. प्रभाकर."

नवमीची सूचना, बस. दरवर्षी तीच लिहीत असन. दुसऱ्या दिवशी सुटी, म्हणून. फाटकावर हॉर्न वाजून राह्यले होते, शेठलेही ऐकू नाई आले. निकेशनं कौशल्याबाईले वाचून दाखवलं. त्या म्हणे, "परत वाच." त्यानं परत वाचलं. अन् बंडूकाका दारातून म्हणे, "हेच! असंच लिहे तो!" अन् मंग जरा थांबून, "अरे, मंग विचारू ना. आणा त्याले."

मी सिंदीहून पवनारले गेली ते शेठच्याच गाडीत, अन् दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याच गाडीत बाबाले घेऊन आली, आईसकट. आईनं बाबाले दसऱ्याचाच नवा सदरा घातला. धाम नदीच्या पुलावर बाबानं काच खाल्ती केली अन् बाहेर पाहत राह्यला. मी त्याले काहीच सांगतलं नव्हतं, काय सांगू, का तुह्यं शेवटचं वाक्य माह्या बॅगमधी रुमालात हाय अन् फिरत नाई.

जिनिंगमधी जी गर्दी झाली बाप्पा. हमाल, ड्रायव्हर, सारे. बाबा ऑफिसात आला, डाव्या हातानं भिंत धरत धरत, अन् कौशल्याबाईनं त्याले बसूही नाई देलं. "प्रभाकरराव, खरं सांगा, त्या ओळीत माह्यं नाव होतं का नाई?"

बाबा म्हणे, "बरं बरं."

"पाहा!" त्या शेठकडे वळल्या. "मी म्हटलं नव्हतं?"

"अहो, थांबा वो काकू," बंडूकाका पुढं आले, "प्रभाकर, गड्या, पाण्याचंच होतं ना? गाडीवाल्यायले पाणी पाजा?"

"बरं बरं."

"झालं! पाण्याचंच!" निकेशनं फडक्याचं विचारलं, तेही बरं बरं. शेठनं हिशोबाचं विचारलं, तं बाबानं त्याच्याकडे असं पाह्यलं अन् असा हसला, अर्ध्याच तोंडानं, का सारी जिनिंग हसली, शेठही हसला. आई पदरानं डोळे पुसून राह्यली होती अन् हसून राह्यली होती, म्हणे, "पाहा वो, इथं तं साऱ्यायची उत्तरं येतात तुमच्याजवळ." अन् मी. मी एकटीच होती जिनं काही विचारलं नव्हतं. माह्याजवळ सवालच नव्हता, म्हणजे इतके होते का त्यातला एक उचलला तं बाकी सारे खाल्ती पडतीन असं वाटे. बाबा माह्याकडे पाहत होता. पडद्यावर ओळ होतीच, आजच विचारावे, ती त्यानं वाचली, मी त्याचे डोळे पाह्यले, डावीकडून उजवीकडे गेले, अन् परत आले. मी खुर्ची मागं ओढली अन् म्हटलं, "बाबा, आज काय लिहू?"

तो बसला. उजवा हात आईनं उचलून टेबलावर ठेवला, तो तसाच राह्यला. डावा हात कीबोर्डवर आला अन् कितीतरी वेळ तिथंच, कोणत्याच अक्षरावर नाई. मले वाटलं, चूक केली आपण, इतक्या लोकायसमोर. मंग एक बोट खाल्ती गेलं. एक अक्षर. मंग दुसरं, दूरचं, ते शोधाले वेळ लागला. चार अक्षरं. एंटर. डिस्कीतून बारीकसा आवाज आला, खुर्र. बाबानं मान हलवली, जसं कोणी हो म्हटलं. परत तीच चार अक्षरं, यावेळी जराशी लवकर. खुर्र. अन् मंग तिसऱ्यांदा, अन् तिसऱ्यांदा तं त्यानं पडद्याकडे पाह्यलंही नाई, माह्याकडे पाहून टाईप केलं.

"काय लिहिलं वो?" बंडूकाका म्हणे.

"तोंडपाठ हाय त्याचं ते," मी म्हटलं, "आरतीसारखं." अन् डॉक्टरही तेच म्हणन, असनही तसं. पण मी पाह्यलं ना, तिसऱ्या वेळेले हात थांबला होता एंटरच्या आधी, अन् बाबा माह्याकडे पाहत होता.

"पण म्हणते काय?" कौशल्याबाईनं विचारलं.

"म्हणते का डोक्यात जे हाय ते खाल्ती उतरव."

ती रुमालातली डिस्क अजून माह्या कपाटात हाय, प्रफुल, अन् नाई, लॅबमधी नाई देणार मी. ते शेवटचं होतं तवा गोष्ट वेगळी होती.